लेझरने चष्मा उतरवायचाय? हैदराबाद-नागपूरची गाडी पकडण्याआधी हे वाचा

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या सीमाभागात बायोडाटा फिरायला लागतात. आदिलाबादचा पांढरकवड्याला, किनवटचा बेल्याला, जैनदचा यवतमाळला. उंची, शिक्षण, शेती किती, नोकरी कुठे हे सगळं विचारून झालं की हळूच एक प्रश्न येतो, "मुलीला चष्मा तर नाही ना?" मुलाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मग घरात कोणीतरी म्हणतं, "अहो, आता लेझर निघालंय. दहा मिनिटांचं काम. हैदराबादला नेऊ, नाहीतर नागपूरला. लग्नाआधी उरकून टाकू."

दुसरीकडे भरतीची तयारी करणारी पोरं. पहाटे ग्राऊंडवर धावायचं, दिवसभर अभ्यास करायचा, आणि शेवटी मेडिकलमध्ये डोळ्यांवर अडकायचं. त्यांनाही कोणीतरी हाच सल्ला देतं.

हा लेख या दोघांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. लेझर वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. योग्य डोळ्यावर केलेलं लेझर चांगलंच काम करतं आणि बहुतेक लोक समाधानी असतात. पण 'दहा मिनिटांचं काम' हे बोलणं फसवं आहे. टेबलावरचा वेळ तेवढाच लागतो हे खरं, पण निर्णय होतो तो त्याआधीच्या दोन-तीन तासांच्या तपासणीत. त्या तपासणीला जाताना 'तुमचं करता येणार नाही' हे ऐकायची तयारी ठेवूनच जायला हवं.

मी स्वतः ते ऐकलेलं आहे. सहावीपासून चष्मा. तिशीत असताना हौसेने तपासणीला गेलो. सगळ्या टेस्ट झाल्यावर डॉक्टर म्हणाले, तुमचा पडदा पातळ आहे, मी करणार नाही. तेव्हा राग आला. गाडीभाडं गेलं, दोन दिवस गेले, हातात काहीच आलं नाही असं वाटलं. त्या डॉक्टरांचं म्हणणं किती बरोबर होतं हे नंतर वाचन केल्यावर कळलं.

लेझर डोळ्यात करतं काय?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला, बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. प्रकाश वाकवून आत नेण्याचं मोठं काम हाच पडदा करतो. मायनस नंबर असलेल्यांचा डोळा बहुधा थोडा लांबट असतो, त्यामुळे प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते आणि लांबचं धूसर दिसतं. चष्म्याची काच हे वाकणं बाहेरून दुरुस्त करते. लेझर हेच काम कॉर्नियाचा थोडा भाग काढून, त्याचा बाक बदलून करतं. डोळ्याची लांबी मात्र आहे तशीच राहते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या लेझरला एक्सायमर लेझर म्हणतात. ते अतिनील प्रकाशाचं असतं, १९३ नॅनोमीटरचं. जाळत नाही, भाजत नाही. रेणूंचे बंध तोडून एकेका झटक्यात मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचा थर उडवतं. मजा म्हणजे हा शोध डोळ्यांच्या दवाखान्यात लागलेलाच नाही. १९८१ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की कोंबडीच्या तुकड्यावर हे लेझर मारून पाहिलं. कडा भाजल्या नाहीत, काप एकदम स्वच्छ निघाला. तिथून पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते उचललं. या कामासाठी या तिघांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय पदकही मिळालं.

आज आपल्याकडे जाहिरातीत जी दहा नावं दिसतात ती मुळात तीन प्रकारांत बसतात.

पहिला पीआरके किंवा ट्रान्स-पीआरके. यात कॉर्नियावरची सालीसारखी नाजूक त्वचा बाजूला करून थेट पृष्ठभागावर लेझर मारतात. तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. नजर पूर्ण स्थिरावायला काही आठवडे लागतात. पण आत झाकण कापलेलं नसतं.

दुसरा लॅसिक. कॉर्नियाचा वरचा थर पुस्तकाच्या पानासारखा कापून उलटवतात, खाली लेझर मारतात आणि पान परत बसवतात. या पानाला फ्लॅप म्हणतात. तो ब्लेडने कापला तर साधं लॅसिक, फेम्टोसेकंद लेझरने कापला तर 'ब्लेडलेस' किंवा फेम्टो लॅसिक. दुसऱ्या दिवशी नजर साफ, दुखणं फार कमी. लॅसिक इतकं लोकप्रिय झालं ते याच कारणामुळे.

तिसरा स्माईल. यात फ्लॅप नाही. कॉर्नियाच्या आतच लेझरने भिंगाच्या आकाराची पातळ चकती तयार करतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छोट्या चिरेतून ती ओढून काढतात. खर्च जास्त.

यातलं 'सगळ्यात भारी' कोणतं असं विचारू नका. तुमच्या डोळ्याला कोणतं चालेल, असं विचारा. ज्या दवाखान्यात एकच मशीन असतं तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांना तेच चांगलं असतं, हेही ध्यानात असू द्या.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. थोडं गणित आहे, पण दुकानातल्या हिशेबाइतकंच.

कॉर्नियाची मधली जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर. कोणाची ४८०, कोणाची ५८०. लेझरने एक नंबर उतरवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन भाग जातो. लॅसिकचा फ्लॅप १०० ते १२० मायक्रॉनचा. फ्लॅप परत बसवला तरी तो पूर्वीसारखी ताकद देत नाही, म्हणून तो हिशेबातून वजाच धरायचा. आणि खाली उरलेला थर किमान २५० मायक्रॉन तरी हवाच. बरेच डॉक्टर आता २८०-३०० च्या खाली जात नाहीत.

समजा एका मुलीचा नंबर मायनस ४ आहे आणि कॉर्निया ५३० चा. फ्लॅपचे ११०, लेझरचे ४ गुणिले १४ म्हणजे ५६. गेले १६६, उरले ३६४. हिशेब बसला.

आता तिच्या चुलत भावाचा नंबर मायनस ८ आणि कॉर्निया ४८० चा. फ्लॅपचे ११०, लेझरचे ११२. गेले २२२, उरले २५८. कागदावर २५० च्या वर आहे, पण एकूण जाडीतला ४६ टक्के भाग हललेला आहे. ४० टक्क्यांच्या वर गेलं की धोका वाढतो असं या विषयातले अभ्यासक सांगतात. अशा मुलाला जो डॉक्टर परत पाठवतो तो त्याचं भलंच करतो.

धोका कशाचा? कॉर्निया कमकुवत झाला तर आतल्या दाबाने हळूहळू पुढे फुगत जातो, शंकूसारखा होतो. नंबर वाढत जातो, चष्म्यानेही नीट दिसत नाही. काही लोकांच्या कॉर्नियात ही कमजोरी जन्मजात प्रवृत्तीनेच असते, त्या आजाराला केरॅटोकोनस म्हणतात. सुरुवातीला त्या माणसाला काहीच कळत नाही. फक्त चष्म्याचा नंबर, विशेषतः सिलिंडरचा नंबर, दरवर्षी बदलत राहतो. आणि नेमकी अशीच पोरं कंटाळून लेझरकडे येतात. अशा डोळ्यावर लेझर मारणं म्हणजे तडा गेलेल्या भिंतीच्या विटा काढण्यासारखं.

हा आजार आपल्या भागात दुर्मिळ समजू नका. नागपूर परिसरातल्या ग्रामीण भागात 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' नावाची मोठी पाहणी झाली होती. तीस वर्षांवरच्या साडेचार हजारांहून जास्त लोकांचे डोळे तपासले. कॉर्नियाच्या बाकाच्या मोजमापावरून त्यात शंभरात दोनपेक्षा जास्त लोकांमध्ये केरॅटोकोनसची लक्षणं आढळली. पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या आकड्यांपेक्षा हे प्रमाण खूप जास्त आहे. मोजण्याची पद्धत बदलली तर आकडा थोडा खाली-वर होईल, पण आपल्यासाठी अर्थ तोच. ही तपासणी टाळायची नाही.

डोळे चोळण्याची सवय या आजारात फार वाईट. जिनिंगची धूळ, तुरीच्या मळणीचा भुसा, उन्हाळ्यातली ॲलर्जी यांनी आपल्याकडची अर्धी पोरं डोळे चोळत असतात. तपासणीला गेलात की ही सवय डॉक्टरांना स्वतःहून सांगा. घरात कोणाला केरॅटोकोनस असेल तर तेही.

आजार लवकर सापडला तर त्याला थांबवणारा उपचार आहे, त्याला सी-थ्री-आर म्हणतात. म्हणजे लेझरच्या तपासणीला गेलेल्या पोराला 'नाही' म्हणण्यातून कधीकधी त्याची नजर वाचते.

तपासणीत काय काय व्हायला हवं? कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी किंवा टोमोग्राफी (पेंटाकॅम हे नाव तुम्ही ऐकाल), जाडीची मोजणी, अश्रूंची टेस्ट, अंधारात बाहुली किती मोठी होते त्याचं माप, डोळ्याचा दाब, आणि थेंब टाकून बाहुली मोठी करून मागच्या पडद्याची तपासणी. थेंब टाकून पडदा न बघता कोणी तारीख देत असेल तर तिथून उठा. आणि त्या नकाशाची प्रिंट मागून घ्या, ती तुमची आहे.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवायच्या. लेन्सने कॉर्नियाचा आकार बदलतो, माप चुकतं. आदिलाबादहून सकाळच्या बसने लेन्स घालून जायचं आणि दुपारी टेस्ट करायची, असं चालत नाही.

कोणी थांबायचं?

वय अठरा पूर्ण हवं, पण नुसतं वय पुरत नाही. नंबर किमान वर्षभर स्थिर हवा, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त बदललेला नको. बहुतेक डॉक्टर वीस-एकवीसपर्यंत थांबायला सांगतात. जुन्या चष्म्याच्या चिठ्ठ्या फेकू नका, त्याच पुरावा असतात.

गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना लेझर करत नाहीत. हार्मोन्समुळे नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात. साखर ताब्यात नसलेले, संधिवातासारखे आजार असलेले, डोळ्याला नागीण होऊन गेलेले, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेले, अशा सगळ्यांनी आधी सांगायचं.

आता लग्नाचं. लग्नाच्या तीन आठवडे आधी लेझर करून घेणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त. नंतरचे काही आठवडे डोळ्यात काजळ नाही, आय-मेकअप नाही, चेहऱ्यावर थेट पाणी नाही, धूळ-धूर नाही, डोळा चोळणं तर अजिबात नाही. आणि आपल्याकडे काय असतं? हळद. बहिणी-वहिनी मिळून तोंडाला हळद फासतात, वर पाणी ओततात, मग होमाचा धूर, अक्षता. करायचंच असेल तर किमान तीन महिने आधी करा. आणि मुलीला खरंच हवंय का हे मुलीलाच विचारा. डोळा तिचा आहे. 'पाहुण्यांनी विचारलं म्हणून' केलेल्या ऑपरेशननंतर डोळे कोरडे पडले, तर थेंब टाकायला पाहुणे येत नाहीत.

भरतीवाल्यांनो, आधी जाहिरात वाचा

लेझर केलं की सगळ्या भरतीचे दरवाजे उघडतात हा मोठा गैरसमज आहे. काही दरवाजे उलट बंद होतात, आणि कायमचे.

रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसाठी चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६ लागतात. ते बघून कोणी लॅसिक करून घेतलं, तर भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं की लॅसिक किंवा नंबर घालवण्याची कोणतीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदाला अपात्र. म्हणजे चष्मा होता तेव्हाही नाही, काढला तरीही नाही. असा पोरगा पैसे आणि वेळ दोन्ही घालवून बसतो. लपवू म्हणाल तर कॉर्नियाच्या तपासणीत ते दिसतं.

सैन्यदलाच्या अधिकारी भरतीत वेगळं आहे. तिथे ठरावीक प्रवेशांना लॅसिक चालतं, पण अटींवर : ऑपरेशनच्या वेळी वय वीसच्या वर, ऑपरेशन होऊन बारा महिने झालेले, कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नाही, डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, मागचा पडदा निरोगी. आता वर सांगितलेला मुद्दा आठवा, लेझरने डोळ्याची लांबी बदलत नाही. नंबर खूप मोठा असलेल्या मुलाची लांबी आधीच २६ च्या वर असू शकते. त्याने लेझर करून नजर ६/६ केली तरी मेडिकल तिथेच अडकणार. लांबी मोजायला काही मिनिटं लागतात, ती आधी मोजून घ्या.

केंद्रीय दलांच्या जीडी कॉन्स्टेबल भरतीत चष्म्याला परवानगी नाही, ६/६ आणि ६/९ विनाचष्मा हवं. पण एका पदाच्या नियमावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. तेलंगणा पोलीस, महाराष्ट्र पोलीस, रेल्वे, वनखातं, प्रत्येकाची अधिसूचना वेगळी आणि दर भरतीला तपासावी अशी. आपली पोरं दोन्ही राज्यांत फॉर्म भरतात, म्हणून दुप्पट काळजी. अधिसूचनेतलं वैद्यकीय निकषांचं पान छापून डॉक्टरांपुढे ठेवा आणि सांगा, मला या पदासाठी हवंय.

कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी तेही सांगायचं. डोळ्याला जोराचा मार लागला तर लॅसिकचा फ्लॅप नंतरही सरकू शकतो. अशांना डॉक्टर बहुधा फ्लॅप नसलेला प्रकार सुचवतात.

नंतर काय होतं?

कॉर्नियात बारीक नसा असतात. लेझरमध्ये त्या कापल्या जातात, डोळा कोरडा पडल्याचा निरोप मेंदूकडे नीट जात नाही आणि अश्रू कमी येतात. बहुतेकांना काही महिने थेंब टाकावे लागतात, मग सुधारतं. काहींना जास्त काळ त्रास राहतो. मे महिन्यातली आपली कोरडी हवा, कूलरचा झोत, दिवसभर मोबाईल, यात तो त्रास जास्त जाणवतो.

दुसरा त्रास रात्रीचा. दिव्याभोवती वलय, समोरच्या गाडीचा प्रकाश फाकणं. ४४ नंबरच्या हायवेवर रात्री ट्रक चालवणाऱ्या माणसासाठी ही बारीक गोष्ट नाही. बाहुली अंधारात मोठी होणाऱ्यांना आणि मोठा नंबर उतरवलेल्यांना हे जास्त जाणवू शकतं.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने लॅसिक केलेल्या लोकांना प्रश्नावली देऊन पाहणी केली होती. ऑपरेशनआधी वलयं-चकाकीची काहीच तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी तशी किमान एक तक्रार होती. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवत होता. पण या चकाकीमुळे रोजची कामं करायला खूप अडचण येते म्हणणारे एक टक्क्याहून कमी होते. दोन्ही आकडे एकत्र वाचा. दलाल फक्त शेवटचा सांगेल, घाबरवणारा नातेवाईक फक्त पहिला.

पंधरा-वीस दिवस शेतात फवारणी, जिनिंगमधलं काम, कापसाच्या गाड्या भरणं बंद ठेवावं लागेल. बाहेर पडताना चांगला गॉगल हवा, विशेषतः पीआरके केलेल्यांना, कारण ऊन लागून कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो. म्हणून वेचणीच्या हंगामात आणि एप्रिल-मेच्या उन्हात करू नका, असं मी म्हणेन. पावसाळ्याच्या शेवटी किंवा थंडी ओसरताना सोयीचं.

चाळिशी काही चुकत नाही

मराठीत या गोष्टीला किती नेमका शब्द आहे! चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं वाचायला चष्मा लागतो. लेझर कॉर्नियावर होतं, त्या भिंगाला हातच लागत नाही, त्यामुळे चाळिशी लागायची ती लागतेच. गंमत अशी की मायनस दोन-अडीच नंबरवाला माणूस चष्मा काढून म्हातारपणापर्यंत पेपर वाचतो. लेझर केलं की ती सोय जाते. म्हणून अडतीस-चाळीसच्या माणसाने आधी विचार करावा, आपल्याला लांबचं जास्त लागतं की जवळचं. शिवणकाम करणारी बाई, सोनार, हिशेबनीस यांना लेझरचा सौदा पंचविशीतल्या पोराइतका फायद्याचा नसतो.

नंबर खूप मोठा असेल किंवा कॉर्निया पातळ असेल तर काहींना डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, आयसीएल, चालते. ती महाग आहे, डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, आणि त्यासाठी वेगळी मोजमापं लागतात. 'लेझर होत नाही ना, मग हे करा' असं त्याच दिवशी कोणी गळ्यात घालत असेल तर घरी येऊन विचार करा.

पैसा, अंतर आणि भाषा

दोन्ही डोळ्यांचा खर्च प्रकारानुसार काही दहा हजारांपासून लाखाच्या वरही जातो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत आयआरडीएआयने ठरवून दिलेलं कलम असतं : साडेसातपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च मिळत नाही. साडेसात किंवा त्यावर नंबर असेल तर पॉलिसी काढून वाचा, विचारा. 'एका डोळ्याचा भाव' आणि 'दोन्ही डोळ्यांचा भाव' यात जाहिरातीत गल्लत केलेली असते. तपासणी, औषधं, नंतरच्या भेटी आणि गरज पडल्यास पुन्हा लेझर हे धरून लेखी मागा.

पण आपल्यासाठी खरा खर्च अंतराचा. आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी दाखवायचं असतं. पहिल्या दोन रात्री त्याच शहरात मुक्काम ठेवा. फ्लॅपला सुरकुती पडली किंवा संसर्ग झाला तर पहिल्या दिवसांतच धरावा लागतो, आणि तेव्हा तुम्ही उटनूरच्या घाटात असून चालत नाही. रात्री अपरात्री डोळा लाल झाला, दुखू लागला, नजर कमी झाली तर कोणाला फोन करायचा आणि आदिलाबादमध्ये जवळ कोणाला दाखवायचं, हे निघण्याआधी ठरवून विचारून घ्या.

संमतीपत्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतं, हैदराबादला फार तर तेलुगूत. न कळलेल्या कागदावर सही करू नका. हिंदीत किंवा मराठीत समजावून सांगा म्हणायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे, आणि हैदराबादला हिंदीची अडचण नाही. बोलणं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांशीच झालं पाहिजे, काउन्सेलरशी नाही.

चष्मा ही काही शिक्षा नाही

आपल्या जिल्ह्याचा यात एक जुना धडा आहे. १९९६ ते २००० या काळात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात डोळ्यांची मोठी पाहणी झाली. चार भाग निवडले होते, त्यातला एक आदिलाबाद जिल्हा. दहा हजारांहून जास्त लोक तपासले. नजर कमी असण्यामागे मोतीबिंदूच्या जोडीला एक मोठं कारण निघालं : नंबर आहे, पण चष्माच नाही. लोक वर्षानुवर्षं धूसर बघत जगत होते. त्याच काळात, १९९६ मध्ये, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने मुधोळला आपलं ग्रामीण केंद्र सुरू केलं. मुधोळ तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ च्या विभागणीत निर्मलमध्ये गेलं. मराठी बोलणारी कितीतरी गावं त्या भागात आहेत.

२०१८ च्या १५ ऑगस्टला तेलंगणा सरकारने 'कंटि वेलुगू' सुरू केलं. मराठी कानाला ती 'कांती' वाटते, पण तेलुगूत त्याचा अर्थ डोळ्यांचा उजेड. पहिल्याच फेरीत दीड कोटींहून जास्त लोकांचे डोळे तपासले, गावात येऊन फुकट चष्मे दिले. त्यातल्या अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा बसच्या पाट्या नीट दिसल्या असतील. चष्म्याने तुम्हाला नीट दिसत असेल, काम अडत नसेल, तर लेझर न करणं हाही पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. आधी साधी तपासणी रिम्सच्या डोळ्यांच्या विभागात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे करा, नंबर आणि पडदा कसा आहे ते कळेल. पुढचं भाडं वाचेलही कदाचित.

शेवटी कागदांचं. लेझर केलं तर डोळ्याची फाईल जन्मभर जपा. त्याला कारण आहे. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या बाकावरून काढतात. लेझरने तो बाक बदललेला असतो, त्यामुळे नेहमीचं गणित चुकतं. जुने आकडे हाताशी असले तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. काचबिंदूच्या तपासणीत पातळ कॉर्नियामुळे डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि आजार लपून राहू शकतो. मायनस नंबरवाल्यांच्या मागच्या पडद्याला छिद्र पडण्याचा, पडदा सुटण्याचा धोकाही लेझरने कमी होत नाही, कारण डोळा लांबच्या लांबच असतो. चमकणारे ठिपके, काळी जाळी, पडदा पडल्यासारखं दिसलं तर 'माझं तर लेझर झालंय' म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

तर ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी, नकाशाची प्रिंट, किती मायक्रॉन काढले, कोणत्या तारखेला, हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबारा-पहाणीच्या कागदांशेजारी ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढून दोघा-तिघांना पाठवून ठेवा. मोतीबिंदूची वेळ तीस वर्षांनी येईल, तोवर मोबाईल दहा वेळा बदललेला असेल.